अरेस्ट म्हणजे नेमकं काय? एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ, आणि त्याच्या भीतीवर चालणारी कोट्यवधींची फसवणूक

'तुम्ही आता डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचं नाही, घरात कुणाला काही सांगायचं नाही.'

गेल्या काही वर्षांत देशभरात हजारो लोकांनी अशा आशयाची वाक्यं फोनवर ऐकली आणि त्यावर विश्वासही ठेवला. संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार, डिजिटल अरेस्ट आणि त्याच्याशी संबंधित सायबर गुन्ह्यांची २०२२ मध्ये ३९,९२५ प्रकरणं नोंदली गेली होती आणि त्यात ९१.१४ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये प्रकरणांची संख्या १,२३,६७२ वर पोहोचली आणि रक्कम १,९३५.५१ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे दोन वर्षांत प्रकरणं तिपटीने वाढली आणि गेलेला पैसा एकवीस पटींनी.

यात फसलेले लोक अडाणी नव्हते. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, उद्योजक असे अनेक जण यात अडकले. लुधियानातील वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये ७ कोटी रुपयांना फसवण्यात आलं. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणीही उभी करण्यात आली होती. मुंबईत २०२५ मध्ये एका ७२ वर्षीय व्यावसायिकाकडून तब्बल ५८ कोटी रुपये उकळल्याचं प्रकरण समोर आलं.

या फसवणुकीत तंत्रज्ञानाचा वाटा आहेच. पण गुन्हेगारांचं सगळ्यात मोठं हत्यार एक शब्द आहे, तो म्हणजे 'अरेस्ट'. हा शब्द कुठून आला, किती अर्थांनी वापरला जातो आणि कायद्यात त्याचा अर्थ काय, हे एकदा नीट समजून घेतलं तर समोरच्या तोतयाची बोलती बंद करता येते.

मूळ अर्थ: थांबवणं

'अरेस्ट' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. मूळ अर्थ आहे 'थांबवणं'. पोलीस, बेड्या, कोठडी हे सगळं त्याला नंतर चिकटलं. म्हणूनच पोलिसांशी काही संबंध नसलेल्या ठिकाणीही हा शब्द सर्रास भेटतो.

नौदलात 'अरेस्टेड लँडिंग' असतं. विमानवाहू युद्धनौकेची धावपट्टी फार आखूड असते. वेगाने उतरणाऱ्या लढाऊ विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर ताणलेल्या जाड तारेत अडकतो आणि विमान थोड्याच अंतरात थांबतं. भारतीय बनावटीच्या तेजसच्या नौदल आवृत्तीने ११ जानेवारी २०२० रोजी आयएनएस विक्रमादित्यवर असं पहिलं लँडिंग केलं होतं.

वीजक्षेत्रात 'लाइटनिंग अरेस्टर' असतो. विजेचा लोळ पडल्यावर तो प्रवाह जमिनीत वळवून उपकरणं वाचवणारं हे साधन. आपल्याकडे सरकारी कागदपत्रांत त्यासाठी 'वीज अटकाव यंत्र' असा नेमका शब्द वापरला जातो.

मराठीतल्या 'अटक' या शब्दाचा प्रवासही याच वाटेने झालेला दिसतो. अटकणं म्हणजे अडकणं, थांबणं. अटकाव म्हणजे अडथळा, मज्जाव. त्याच कुटुंबातली 'अटक' आज मात्र जवळजवळ पूर्णपणे पोलिसांच्या ताब्यात गेली आहे. ('अटकेपार झेंडे' मधली अटक वेगळी. ते सिंधू नदीकाठचं, आज पाकिस्तानात असलेलं ठिकाण.)

कार्डियाक अरेस्ट: इथे शब्दाची गल्लत जिवावर बेतते

एखाद्या कलाकाराच्या किंवा नेत्याच्या अचानक निधनाची बातमी आली की एका पोस्टमध्ये 'हार्ट अटॅक' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यात 'कार्डियाक अरेस्ट'. दोन्हीचा अर्थ एकच, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. हृदय बहुतेक वेळा धडधडत असतं. माणूस सहसा शुद्धीवर असतो, छातीत दुखतं, घाम येतो, जबडा किंवा हात दुखतो.

कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त पंप करण्याचं कामच थांबतं. माणूस काही क्षणांत कोसळतो, प्रतिसाद देत नाही, नीट श्वास घेत नाही. हार्ट अटॅकमुळे कार्डियाक अरेस्ट येऊ शकतो, पण त्याची इतरही कारणं असतात.

फरक समजण्याचा उपयोग असा की दोन्ही वेळी करायची कृती वेगळी आहे. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यायचं असतं. कोसळलेल्या आणि श्वास थांबलेल्या माणसाला मात्र गाडी येईपर्यंत तसंच ठेवून चालत नाही. १०८ किंवा ११२ वर फोन करून तिथल्या तिथे सीपीआर सुरू करावा लागतो, म्हणजे छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब द्यावे लागतात. अशा वेळी मदतीविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता कमी करत जातं.

कायद्यात अटक कशाला म्हणतात?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १ जुलै २०२४ पासून देशात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटक कशी करायची हे तिच्या कलम ४३ मध्ये सांगितलं आहे. पोलीस अधिकाऱ्याने त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा तिला प्रत्यक्ष अडवून ठेवलं पाहिजे. ती व्यक्ती शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून ताब्यात येत असेल तर स्पर्शाची गरज नाही.

इथे कुणी म्हणेल, 'मग फोनवर हो म्हटलं की झाली का अटक?' तर नाही. ताब्यात यायला समोर ताबा घेणारं कुणीतरी हवं. शिवाय अटक तिथेच संपत नाही, तिच्यापाठोपाठ बंधनांची एक साखळी सुरू होते आणि ती सगळी पोलिसांवर असतात:

- अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे.
- अटकेचा पंचनामा तयार करून त्यावर कुटुंबातील सदस्याची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. अटक झालेल्या व्यक्तीचीही सही लागते.
- अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला द्यावी लागते.
- अटकेची कारणं सांगावी लागतात आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क द्यावा लागतो.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. ही हमी थेट राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे.
- अपवादात्मक परिस्थिती वगळता महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.
- तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि व्यक्ती साठीच्या पुढची किंवा दुर्बल असेल, तर किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

यातले बरेच नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल सरकार या प्रकरणात घालून दिले आणि पुढे ते कायद्यात आले.

अटकेची कारणं सांगण्याबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी एक महत्त्वाचा निकाल आला. मुंबईतील वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत आणि तीही त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण कोठडीच्या मागणीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे.

आता ही यादी आणि 'डिजिटल अरेस्ट'चा फोन शेजारी ठेवून पाहा. खऱ्या अटकेत घरच्यांना कळवणं बंधनकारक आहे, तर खोट्या अटकेत पहिली अटच 'घरच्यांना सांगू नका' ही असते. खऱ्या अटकेत वकील हा हक्क आहे, खोट्या अटकेत वकिलाचं नाव काढलं तरी धमकी मिळते. खऱ्या अटकेत २४ तासांत न्यायालय गाठावं लागतं, खोटी अटक आठवडेच्या आठवडे चालते. म्हणजे हा खोटेपणा ओळखायला सायबर तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

नोटीस, ताबा, कोठडी, स्थानबद्धता: सगळं म्हणजे अटक नव्हे

सोशल मीडियावर एखाद्यावर 'गुन्हा दाखल' झाल्याची बातमी आली की तासाभरात 'अटक'चे मीम फिरू लागतात. या शब्दांमध्ये फरक आहे.

गुन्हा दाखल होणं म्हणजे एफआयआर नोंदला जाणं. त्यानंतर अटक झालीच पाहिजे असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं होतं.

नोटीस म्हणजे चौकशीला हजर राहा असं लेखी सांगणं. संहितेच्या कलम ३५ खाली ती दिली जाते. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला त्या गुन्ह्यात सहसा अटक होत नाही. अटक करायची असेल तर पोलिसांना कारण नोंदवावं लागतं.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी हे अटकेनंतरचे टप्पे. पहिलीत आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असतो, दुसरीत तुरुंगात. दोन्ही ठरवतं न्यायालय, पोलीस नव्हे.

स्थानबद्धता ही घडलेल्या गुन्ह्याची शिक्षा नसते, पुढे काही घडू नये म्हणून केलेली कारवाई असते. महाराष्ट्रात 'एमपीडीए खाली स्थानबद्ध' अशा बातम्या येतात, त्या १९८१ च्या कायद्यातल्या. याच्या नेमकी उलट कारवाई म्हणजे तडीपारी. एकीत माणसाला आत ठेवतात, दुसरीत जिल्ह्याबाहेर घालवतात.

नजरकैद, म्हणजे 'हाउस अरेस्ट', हा शब्द महाराष्ट्राने भीमा कोरेगाव प्रकरणात जवळून पाहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केलेल्या पाच कार्यकर्त्यांना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या घरीच नजरकैदेत ठेवायला सांगितलं. पुढे त्यांच्यापैकी गौतम नवलखा यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकृतीच्या कारणावरून तुरुंगाऐवजी नवी मुंबईत नजरकैदेत राहण्याची परवानगी मिळाली. म्हणजे घरात राहून कोठडी भोगणं कायद्याला अगदीच अपरिचित नाही. पण दोन्ही वेळी आदेश न्यायालयाचा होता आणि दारात खरे पोलीस होते.

'सिटिझन्स अरेस्ट', म्हणजे सामान्य नागरिकाने केलेली अटक, हीसुद्धा कायद्यात आहे. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तर कुणीही गुन्हेगाराला पकडू शकतं. मात्र सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. 'चोर समजून चोप दिला' याला या तरतुदीचा कोणताही आधार नाही.

या सगळ्या यादीत 'डिजिटल अरेस्ट' कुठे आहे? कुठेच नाही. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्येही कायद्यात अशी कोणतीही व्यवस्था नसल्याचं सांगितलं होतं.

मग लोक विश्वास का ठेवतात?

पहिलं कारण म्हणजे फसवणुकीची रचना. सुरुवात साधी असते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला, तुमचं खातं मनी लाँड्रिंगमध्ये आलं. मग फोन 'मोठ्या साहेबां'कडे जोडला जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, हातात ओळखपत्र. थोड्या वेळाने मोबाइलवर शिक्क्यासह आदेश येतो. माणसाला विचार करायला, कुणाशी बोलायला वेळच मिळू दिला जात नाही. शेवटी सुटकेचा मार्ग दाखवला जातो: 'पैसे पडताळणीसाठी सरकारी खात्यात टाका, निर्दोष असाल तर परत मिळतील.' ते पैसे भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांत वाटले जातात आणि पसार होतात. अशा अनेक टोळ्यांचे अड्डे कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमध्ये असल्याचं तपासात दिसलं आहे. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीय तरुणांनाही तिथे जबरदस्तीने याच कामाला जुंपलं जातं.

दुसरं कारण म्हणजे खऱ्या यंत्रणाही आता ऑनलाइन झाल्या आहेत. न्यायालयाच्या सुनावण्या व्हिडिओवर होतात. न्यायालयाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावण्याची सोय नव्या संहितेत आहे. चलन मोबाइलवर येतं. मग अटकही मोबाइलवर होत असेल, असं एखाद्याला वाटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. हीच सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केली. पोलिसांची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावता येणार नाही, असं न्यायालयाने जानेवारीत सांगितलं आणि जुलैमध्ये हा आदेश बदलायला नकार दिला. कारण नोटीस न पाळल्यास माणसाचं स्वातंत्र्य जाऊ शकतं. नोटीसच व्हॉट्सॲपवर चालत नसेल तर अटक कुठून चालणार?

तिसरं कारण भाषेचं आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. 'तुम्हाला मोबाइलवरून अटक केली आहे' हे वाक्य मराठीत म्हणून पाहा. ते ऐकताच विचित्र वाटतं. 'डिजिटल अरेस्ट' म्हटलं की मात्र ते एखाद्या नव्या सरकारी योजनेसारखं, डिजिटल पेमेंट किंवा डिजिटल सातबाराच्या रांगेतलं वाटू लागतं. कायद्याची भाषा आपल्या कानावर बहुतेक वेळा इंग्रजीतच पडते. त्यामुळे न कळणारा इंग्रजी शब्द हा अधिकृतच असणार, असं मन गृहीत धरतं.

माध्यमंही त्याला हातभार लावतात. 'वृद्धेला सात दिवस डिजिटल अरेस्ट' असा मथळा वाचला की कुणीतरी खरोखर अटक केली असं वाटतं. घडलेलं असतं ते असं: तोतया पोलिसांनी वृद्धेला सात दिवस धमकावून लुटलं. तोतया हा शब्द मराठीत चांगला मुरलेला आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्याने भल्याभल्यांना चकवलं, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. अशा गुन्ह्याला 'तोतयेगिरी' आणि 'खंडणी' म्हटलं की गुन्हेगार कोण आणि पीडित कोण हे लगेच कळतं. 'अरेस्ट' म्हटलं की संशयाची सुई पीडितावरच राहते. लाजेपोटी अनेक जण तक्रार करत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

आता पुढे काय?

हरियाणातील अंबाला इथल्या एका ज्येष्ठ दांपत्याला सर्वोच्च न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुटण्यात आलं होतं. त्यांच्या तक्रारीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी देशभरातील अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवण्याचे निर्देश दिले. फसवणुकीचा पैसा ज्या खात्यांतून फिरतो त्या खात्यांबाबत बँक अधिकाऱ्यांची भूमिका तपासण्याची मुभाही सीबीआयला देण्यात आली.

तपास होईल तेव्हा होईल. तोपर्यंत असा फोन आला तर एवढं करा:

- फोन कट करा. खऱ्या पोलिसांचा फोन कट केल्याने अटक होत नाही.
- घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला लगेच सांगा. हा सापळा एकटेपणावर चालतो.
- शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.
- कोणतीही तपास यंत्रणा, न्यायालय किंवा रिझर्व्ह बँक 'पडताळणी'साठी पैसे मागत नाही, हे लक्षात ठेवा.
- पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

ही माहिती सगळ्यात आधी घरातल्या ज्येष्ठांपर्यंत पोहोचायला हवी, कारण अशा फोनच्या वेळी अनेकदा तेच घरी एकटे असतात. त्यांना कलमं पाठ करायला लावण्याची गरज नाही. एवढंच सांगितलं तरी पुरेसं आहे: अटक करायला पोलिसाला दारात यावं लागतं, आणि अटक केल्यावर घरच्यांना कळवावं लागतं. जो फोनवरच राहतो आणि घरच्यांपासून लपवायला सांगतो, तो पोलीस नाही.